आठ मिनिटांनी थोरली

"सिस्टर, धाकटी थोरलीच्या आधी कशी जन्मली हो?"

नव्या कोऱ्या बाबाच्या हातात जुळ्या मुलींचे दोन कागद होते. पहिली प्रसूतिकक्षात झाली, नऊ पंचावन्नला. दुसरी आडवी आली म्हणून आईला तातडीने ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. आणि ती झाली नऊ बावन्नला! कॉम्प्युटरने छापलेलं, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

हेडसिस्टरने दोन्ही कागद पुन्हा वाचले. मुलींच्या पायांतल्या 'पहिली', 'दुसरी' या पट्ट्या तिनेच बांधल्या होत्या. मुली तर अशा, की एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं. त्यात इंजेक्शन फक्त पहिलीला द्यायचं होतं. डॉक्टर ते भरून उभे होते आणि टोचायच्या ऐवजी पट्ट्यांकडे बघत होते.

"बावीस वर्षांत माझी एक पट्टी चुकली नाही," ती म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच पटेना.

मग तिला कॉम्प्युटरवाली आठवली. सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम टाकू द्या म्हणून ती पोरगी दोन महिने ऑफिसच्या मागे लागली होती. ऑफिसचं एकच पालुपद, बघू.

निरोप मिळताच कॉम्प्युटरवाली धापा टाकतच आली. प्रसूतिकक्षाचा सर्व्हर वेगळा, थिएटरचा वेगळा. दोघांची वेळ तिने प्रमाणवेळेशी ताडून पाहिली आणि चक्क टाळी वाजवली.

"थिएटरचं घड्याळ बरोबर आहे. हे प्रसूतिकक्षाचे महाशय अकरा मिनिटं पुढे पळतायत! पहिली जन्मली नऊ चव्वेचाळीसला."

बाबाने बोटांवर मोजलं. "म्हणजे आठ मिनिटांनी थोरली!"

"पट्ट्या बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाले आणि थोरलीला इंजेक्शन दिलं. तिने असा काही भोंगा लावला की बाबा हसतच सुटला. हेडसिस्टर मात्र भिंतीला टेकून उभी राहिली.

"आता ते घड्याळ एका फटक्यात मागे घ्या," डॉक्टरांनी फर्मावलं.

"तसा प्रोग्रॅम आहे, डॉक्टर. कान धरून मागे ओढतो. पण मग तीच अकरा मिनिटं पुन्हा येणार. पलीकडे आत्ताच एक बाई दाखल झालीय ना? तिचं बाळ तिच्याआधीच दवाखान्यात पोचायचं!"

डॉक्टरांनाही हसू आवरेना. "मग?"

"दुसरा आहे, तो चुचकारतो. सेकंद जरा जरा लांबवतो. वेळ मागे जात नाही, नुसती सावकाश चालते. मी हाच टाकते. तोवर जन्मवेळ भिंतीवरच्या घड्याळाची लिहा, हाताने."

"टाका," डॉक्टर म्हणाले. कीबोर्ड खडखडला. पडद्यावरचे सेकंद किंचित आळसावले.

"जुळायला किती वेळ लागेल गं?" हेडसिस्टरने विचारलं.

"दुपारचा एक तरी वाजेल."

"वाजू दे." तिने स्टूल ओढलं, हुंदके देणारी थोरली मांडीवर घेतली आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली. "कुणाला घाई आहे?"