अंगात काही आहे का?

नवसीचं डोकं महिनोन्‌महिने दुखायचं, म्हणून बोईसरच्या कारखान्यात कामाला असलेल्या तिच्या लेकाने तिला मनोरजवळच्या पाड्यावरून थेट मुंबईला एमआरआय काढायला आणलं. टेक्निशियनने तिच्या बांगड्या, गळ्यातलं, केसांतल्या पिना सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, "मावशी, अंगात काही आहे का?"

ती गोंधळली. शहरातल्या माणसाला हे कसं कळलं?

"आता काय नाय," ती म्हणाली.

"नक्की? आत गेल्यावर घोटाळा नको."

"आता तरी नाय."

"मग झालं. अजिबात हलायचं नाही." आवाजाचं सांगायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं.

नवसी आत सरकली आणि यंत्र वाजायला लागलं. ढम ढम ढम ढम. थोड्याच वेळात पडद्यावरचं चित्र पार फिसकटलं. यंत्र बंद करून टेक्निशियन धावला, तिला बाहेर ओढलं. ती झोपल्या जागी घुमत होती.

"अहो मावशी, अंगात काही नाही म्हणालात ना!"

"तवा मी नव्हतो," नवसी जाड्या आवाजात म्हणाली. "तू ढोल वाजवलास, मी आलो. इचार आता, हिच्या डोक्यात काय हाय ते."