सर्जेरावांची मांडी

तालमीच्या उंबऱ्याशी बूट काढून मृण्मयी आत गेली आणि तांबड्या मातीत उभी राहिली. मॅरेथॉनच्या सरावात तिची उजवी मांडी हल्ली थोडं पळालं की रुसून बसायची. चढ आला की मात्र तीच मांडी उसळी घ्यायची. हे कोडं तिला सोडवायचं होतं.

अपघातानंतर प्रयोगशाळेनं तिला त्या मांडीत नवा स्नायू वाढवून दिला होता, तो सर्जेराव खोतांच्या पेशींपासून. खोत पैलवान कणा मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत असत.

"बैठका मार बघू," आखाड्याच्या कडेला खुर्ची लावून बसलेले खोत म्हणाले.

तिनं मारल्या. डावा पाय लटपटायला लागला, उजवा मात्र हूं की चूं करेना.

"माझी मेहनत हाय ती. मुरलीया आत. बैठकांची सवय हाय तिला, पळायची न्हाई," खोत हसले.

"पण मला लांब पळायचंय, पैलवान. डॉक्टर म्हणतात, रोज सावकाश पळत राहिलं की स्नायू तेच वळण घेईल आणि कुस्ती कायमची विसरेल. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

खोतांनी खुर्ची ढकलत तिच्याजवळ आणली.

"पळव की. माझ्याकडं ऱ्हाऊन ती काय करणार हुती? फकस्त त्याआधी एकदा शड्डू ठोक."

मृण्मयीनं हात उचलला आणि मांडीवर सणसणीत थाप मारली. जुना, ओळखीचा आवाज तालमीभर घुमला. जोर मारणारे जुने पैलवान जागच्या जागी थांबले, आणि सगळ्यांच्या माना वळल्या त्या खोतांच्या खुर्चीकडे.