गोत्र काश्यप

खोताच्या वाडीतल्या त्या लाकडी घराच्या पायरीवर चपला काढता काढताच बुधाजी मोऱ्यांनी आपल्या वाट्याला काय येणार त्याचा हिशेब मांडला. संडास घरात, म्हणजे परळच्या चाळीत पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहणं संपलं. जेवण सुनेच्या हातचं. बायको कांता गेल्यापासून चहा-पावावर दिवस निघत होते. हे दोन फायदे उघड होते. तिसरा त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. या जुन्या वाडीत अजून शेजारी शेजाऱ्याची चौकशी करतो. कुणीतरी विचारणारच, आपण कोण? आणि ते म्हणणार, मी विकासचा बाप. तेवढ्या एका वाक्यासाठी हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन नवा सदरा आणला होता.

विकासने फोनवर दोनदा सांगितलं होतं, बाबा, संध्याकाळी जेवायलाच या. दोनदा सांगितलं म्हणजे आग्रह, असा त्यांनी अर्थ लावला आणि सकाळीच हजर झाले.

आत वास्तुशांतीची मांडणी झाली होती. रेशमी सोवळं नेसून विकास पाटावर, शेजारी त्याची बायको प्रिती. बापाला दारात बघून मुलाचा चेहरा उतरला. बुधाजींना वाटलं, पोराला लाज वाटली. बुद्धवंदनेपलीकडे कधी हात न जोडलेल्या बापासमोर असं पाटावर बसायचं म्हणजे अवघडच. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, असू दे रे. आणि भिंतीकडच्या खुर्चीत शेजाऱ्यापाजाऱ्यांमध्ये जाऊन बसले.

या पूजेचं कारण प्रितीने आधीच सांगितलेलं होतं. घर विकणाऱ्या मालनताई याच घरात जन्मल्या, आता लेकीकडे ठाण्याला निघालेल्या. बिल्डर जास्त देत होता, त्याला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. घर पाडणार नाही अशा माणसालाच देईन, आणि किल्ली देण्याआधी माझ्या गुरुजींकडून वास्तुशांत करून घ्यायची, या त्यांच्या अटी. आडनाव मोरे, ते कुठल्याही वस्तीत खपतं. विकासने पुढचं सांगितलं नाही, मालनताईंनी खोदून विचारलं नाही. बुधाजींच्या हिशेबात सौदा स्वस्त होता. थोडा धूर डोळ्यांत जाईल, घर मिळेल.

मालनताईंनी त्यांच्या हातात चहा दिला. त्या काही विचारणार, तेवढ्यात गुरुजींनी गोत्र विचारलं. विकास म्हणाला, काश्यप. ज्याला गोत्र ठाऊक नसतं त्याला काश्यप चालतं, हे त्याने मोबाइलवर वाचलेलं असणार. बुधाजींना मिशीत हसू आलं. पोरगा तयारी करून बसलाय.

मग नांदीश्राद्ध निघालं. गुरुजींनी समजावून सांगितलं, शुभकार्याआधी घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं, त्यांचा आशीर्वाद घ्यायचा. वडील असतील तर आजोबांपासून सुरुवात, नसतील तर वडिलांपासून.

"वडील आहेत ना?"

विकास सुपारीकडे बघत राहिला.

"नाहीत हो गुरुजी," मालनताईच म्हणाल्या. "हा शाळेत होता तेव्हाच गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं बिचाऱ्याने. म्हणून तर मी किमतीत ताणलं नाही. पोरक्या पोराशी काय घासाघीस करायची?"

बुधाजींनी चहा संपवला. हिशेबी माणूस, त्यांना लगेच उलगडलं. बाईंनी सहज विचारलं असणार, वडील कुठे असतात, काय करायचे. त्याचं खरं उत्तर दिलं की चाळ आली, चाळ आली की वस्ती आली, वस्ती आली की सगळंच आलं. मेलेल्या बापाचा पत्ता कुणी विचारत नाही.

"नाव सांगा वडिलांचं."

खोटं नाव सांगायची सोय नव्हती. करारावर मधलं नाव छापलेलं, आणि करार मालनताईंनी चष्मा लावून वाचलेला. विकास पाटापुढच्या अक्षता पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिला. प्रिती पदराचं टोक पिळत बसली. गुरुजी पळी धरून थांबले. अजून थोडा वेळ गेला असता तर पोरगा रडला असता, नाहीतर खरं बोलला असता. दोन्हींत घर गेलं असतं.

"बुधाजी," भिंतीकडच्या खुर्चीतून आवाज आला.

मालनताई वळल्या. "तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"हो. एकाच खोलीत राहायचो."

"कसे होते हो?"

बुधाजींनी जरा विचार केला. "पोराचं कौतुक फार. त्यापुढे अक्कल चालायची नाही त्याची."

गुरुजींनी नाव घेतलं. विकासच्या हातून पाणी सुटलं. मोऱ्यांच्या घरात श्राद्ध होत नसे. दीक्षा घेतली तेव्हा बुधाजींच्या वडिलांनी तशी प्रतिज्ञा केली होती आणि बुधाजींनी ती पाळली. कांता गेली तेव्हाही भन्तेजींना बोलावून वंदना घेतली, बस्स. आता दीक्षेनंतरचं पहिलं श्राद्ध ते खुर्चीत बसून ऐकत होते, आणि ते त्यांचंच होतं.

"पितरांची दक्षिणा ठेवा," गुरुजी म्हणाले.

सोवळ्याला खिसा नसतो. प्रितीची पर्स आतल्या खोलीत राहिलेली. विकासने मान वर केली आणि दारातल्या त्या भेटीनंतर पहिल्यांदाच बापाकडे बघितलं. बुधाजींना ते बघणं सोसवेना. ते उठले. नव्या घरासाठी आणलेलं आहेराचं पाकीट सदऱ्याच्या खिशातून काढलं. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, चि. विकास यास, बाबांकडून. म्हणून नोट तेवढी काढून तबकात ठेवली. पाकिटाची घडी करून परत खिशात घातली.

घराचे पैसे बँकेने भरले. बँकेचे हप्ते विकास भरणार होता. बुधाजींच्या श्राद्धाची दक्षिणा बुधाजींनी भरली.