दगडातल्या माश्या

खड्ड्यातली कुदळ थांबली तशी रिकामी घागर घेऊन नदीवर निघालेली रुक्माबाई जागीच थांबली. तिच्या शेतात विहीर खणताना कुदळ थांबायची ती पाण्यानं नव्हे, नवऱ्याच्या देवानं. पाणी लागलं असतं तर खणणारा सिद्राम एव्हाना ओरडला असता.

"मालक, हे काय निगालंय बगा," सिद्राम खालून म्हणाला.

तिचा नवरा भरमा लगबगीनं उतरला. कंग्राळीच्या त्या रानात ही तिसरी विहीर. पहिल्या खड्ड्यात काळा गोटा निघाला, त्याला शेंदूर फासून म्हसोबा केला. दुसऱ्यात सापाची कात सापडली, तिथं आता नागपंचमीला लाह्या उधळतात. पिकापेक्षा देवच जास्त उगवायचे. गोऱ्या सायबाच्या लढाईमुळं सुरुंगाची दारू मिळेना, म्हणून खडक हातानं फोडायचा, आणि जरा ओल दिसली की नेमका देव निघायचा आणि खणणं बंद. रुक्माबाई मात्र रोज मार्कंडेय नदीवर जायची, वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. सुनेचे दिवस भरत आले होते. बाळंतिणीला आंघोळीचं पाणी आणायचं कुठून, या काळजीनं रुक्माबाईचा जीव टांगणीला लागला होता.

भरमा वर आला तो डोक्याचा पटका काढूनच. हातात तांबड्या दगडाचं ढेकूळ. त्यात अंगठ्याएवढी मातीची मडकी एकमेकांना चिकटलेली, तोंडं लिंपलेली. एक फुटलं होतं. आत मधमाशी होती, पंख मिटून बसलेली, आणि सगळी दगडाची.

"देवीच्या माश्या," भरमा हळूच म्हणाला. "सिद्राम, वर ये. आता हितं कुदळ घालायची न्हाय."

"अवो, ओल लागली हुती न्हवं?" रुक्माबाईनं विचारलं.

"व्हय आक्का, माती वली हाय," मालकाकडं बघत वर चढता चढता सिद्राम म्हणाला.

रुक्माबाईनं ढेकूळ ओढूनच घेतलं. फेकून द्यावं असं मनात होतं. पण ती इवलीशी माशी बघून तिला गलबलून आलं, आणि गलबलून आलं म्हणून नवऱ्याचा आणखीच राग आला.

"ही देवी न्हवं, लेकरू हाय," ती म्हणाली. "भित्तीवर कुंभारीण माशी करती तशी हिच्या आयनं पोरांसाठी घरं बांधलीत. दारं लिंपलीत. पोरं आतच ऱ्हायली. त्या आयला इचारा, बाळंतिणीला पाणी लागतंय का न्हाय."

"तोंड आवर, रुक्मे. देवाच्या कामात बोलू नगं." भरमानं ढेकूळ परत घेऊन आंब्याखालच्या धोंड्यावर ठेवलं, हात जोडले. "जा, घागरभर पाणी आण. आदी न्हाऊ घालाय पायजे."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, रुक्माबाईला कळेना. म्हसोबाला न्हाऊ घातलं तेव्हाही पाणी तिच्याच डोक्यावरून आलं होतं, नागोबाच्या वेळीही. तिनं डोक्यावरची चुंबळ काढून नवऱ्याच्या हातात दिली, रिकामी घागर त्याच्या पायाशी ठेवली आणि खणलेल्या मातीच्या ढिगावर बसली.

"देव तुमचा. पाणी तुमी आणा."

सिद्राम दुसरीकडं बघू लागला. गडीमाणूस डोक्यावर घागर घेऊन नदीवरून आलेला कंग्राळीत कुणी पाहिला नव्हता. भरमा घुटमळला. पण देव बिनआंघोळीचा ठेवायचा कसा? शेवटी घागर उचलून तो नदीच्या वाटेला लागला.

परत आला तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत बायका हसल्या असाव्यात. त्याची मान वर होत नव्हती. सदरा भिजला होता आणि निम्मी घागर हिंदकळून गेली होती. त्यानं ती धोंड्याजवळ टेकवली. मान चोळली. माश्यांकडं बघितलं. मग उकिडवा बसून घागरीतलं पाणी ओंजळीओंजळीनं स्वतःच घटाघटा प्यायला.

"सिद्राम," कुणाकडंही न बघता तो म्हणाला, "आजून किती हात खाली आसंल रं पाणी?"