थरथरण्याची परवानगी

मालविकाचा यांत्रिक डावा हात सुईत दोरा सहज ओवायचा. पण ती सतारीची तार ओढून सूर डोलवायला, गमक घ्यायला गेली, की सूर सपाट यायचा. बोटांचं थरथरणं म्हणजे बिघाड, असं समजून हात ते लगेच थांबवायचा. हात बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं, तुमच्यासारखी मागणी आणखी कुणाचीच नाही, त्यामुळे बदल करता येणार नाही.

मग बावन्नाव्या वर्षी ती प्रोग्रामिंग शिकायला बसली. तिच्या पहिल्या प्रोग्रामने हात इतका थरथरला, की तिच्या कपातला चहा नवऱ्याच्या, अवधूतच्या, अंगावर सांडला.

आज तिने एकच अट वाढवली: बोटाखाली तार असेल, तेव्हाच थरथरू दे.

तिने तार ओढली. सूर डोलला.

अवधूत स्वयंपाकघरातून बाहेर आला. "सतारीच्या शिकवणीची पाटी परत लावू?"

"लाव. आधी चहा आण," ती म्हणाली आणि डावा हात पुढे केला. "काठोकाठ भर."