रविवारी दहा ते अकरा

"एंगेज," ऑपरेटरबाई म्हणाल्या. संगणकाच्या पडद्यावर तसं लिहून यायच्या आधीच त्यांनी फोनच्या लाइनीला जोडलेल्या मोडेममधल्या टूंटूंवरून ओळखलं होतं. ही सातवी वेळ.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला एंगेज टोन काय ते कोणी शिकवायला नको होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळी आळी त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायची. म्हणून तर घरच्या संगणकाला इंटरनेट जोडायला माणूस पाठवतो असं कंपनीने म्हटलं, तेव्हा त्यांनी साफ नको सांगितलं. मला लाइन जोडून द्यायला माणूस? मग कंपनीने सूचनांचा एक कागद पाठवला. त्यात सोळा पायऱ्या होत्या.

कागद वाचायचं काम यजमानांकडे. त्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला, त्यामुळे मोठ्याने वाचायचं ते विरामचिन्हांसकट, ही सवय अंगात मुरलेली. "नवीन कनेक्शनवर दोनदा क्लिक करा, पूर्णविराम. वरच्या चौकटीत फोन नंबर लिहा, स्वल्पविराम," असं सकाळपासून चाललं होतं. मध्येच थांबून ते तांबड्या पेन्सिलीने कंपनीच्या चुका दुरुस्त करत होते. आतापर्यंत अकरा निघाल्या होत्या आणि कंपनीवरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता.

घड्याळात साडेदहा होऊन गेले होते. तिकडे दादा वाट बघत होते.

दादा म्हणजे बाईंचे दूरच्या शहरात राहणारे थोरले भाऊ. वर्षानुवर्षं दर रविवारी दहाला त्यांचा फोन यायचा. यंदा आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले आणि फोन बंद झाला. पत्र जाऊन उत्तर यायला पंधरा दिवस लागतात. शेवटी सुनेने त्यांना ई-मेल शिकवली, आणि त्यांनी पत्राने कळवलं, की या रविवारी दहाला लिहून पाठवतो आणि अकरापर्यंत उत्तराची वाट बघत बसतो. सत्तरी ओलांडलेला माणूस खुर्चीत ताटकळतोय आणि आपल्या घरी नुसतं एंगेज वाजतंय, हे बाईंच्या जिवाला फार लागत होतं.

कंपनीने लाइनीच कमी घेतल्यात, असं निदान त्यांनी केलं. आमच्या वेळी असं झालं असतं तर सुपरवायझरने एकेकाला धारेवर धरलं असतं, हेही सांगून झालं. आठव्यांदा लावला. एंगेज. तेव्हा मात्र त्यांनी यजमानांना नंबर कागदाशी ताडून बघायला सांगितला. यजमानांनी चष्मा सारखा केला आणि सकाळपासून पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं.

"अगं, हा आपलाच नंबर आहे."

"मग? फोन नंबर लिहा म्हणालात ना? आपला नाही तर कोणाचा लिहू?"

"कंपनीचा. जिथे लावायचा तो. इथे खाली दिलाय."

"त्या कागदावर चुकाच चुका आहेत म्हणत होतात."

"तेवढा एक बरोबर आहे."

बाईंनी चौकटीतला नंबर पुसायला घेतला. जन्मभर ज्या ज्या कागदावर फोन नंबर दिसला त्या त्या कागदावर त्यांनी आपला लिहिला होता. आजही हात आपोआप चालला. घरच्या फोनवरून घरच्याच फोनला आठ वेळा लावला, एंगेज नसता तरच नवल. बत्तीस वर्षं गावाचे फोन लावून दिले आणि आज आपणच आपल्याला लावत बसलो, हे बाहेर कुठे जाता कामा नये, असं त्यांनी बजावलं. यजमान म्हणाले की जी चूक छापून गेली नाही तिला आमच्यात चूक म्हणत नाहीत. त्या क्षणी बाईंना आपला नवरा फार चांगला वाटला.

कंपनीचा नंबर घातला. मोडेमने कलकलाट केला आणि लाइन लागली. अकराला दहा कमी असताना दादांची ई-मेल आली. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. ती बघून यजमानांना घाम फुटला, तरी नेटाने त्यांनी ती वाचली, आणि घाईत विरामचिन्हं गाळली.

"बडबडे, मिळालं तर लगेच लिही. अकरानंतर सुनेला फोन हवा असतो. माझी तब्येत ठीक. एक विचारायचं होतं. हे यंत्र जोडताना फार आवाज करतं म्हणे. सून कानांवर हात ठेवते, कुत्रा पलंगाखाली शिरतो. मला नुसता दिवा लुकलुकताना दिसतो. तुला लाइनीवरचे सगळे आवाज कळतात. हा कसा आहे ते सांग."

बाईंनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं. मग हात पुढे केला आणि कनेक्शन तोडून टाकलं.

यजमानांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "अगं, लागली होती ना लाइन!"

"मगाशी घाईत नीट ऐकलंच नाही मी. जरा गप्प बसा."

त्यांनी पंखा बंद केला, खुर्ची पुढे ओढली, मोडेमला कान लावला आणि पुन्हा नंबर लावला. आवाज संपेपर्यंत यजमान श्वास रोखून उभे होते. लाइन लागली तेव्हा अकराला चार मिनिटं होती. बाई एकेका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागल्या, आणि यजमानांनी एकही चूक काढली नाही.

"दादा, अगदी आपल्या दोघांसारखा आहे. दोन टोकांची यंत्रं समोरच्याचं ऐकून न घेता एकदम बोलत सुटतात. मग दोघंही एकदम गप्प होतात, आणि तेव्हा कळतं, लाइन लागली."