कसलेल्या तारा

पुंडलिकरावांनी गिटार उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि तिच्या मानेवरून सरळ नजर लावली, तशी जमनी पुढे सरकली.

यवतमाळच्या बाजारात पेटी, सतार, असलं काहीबाही दुरुस्त करणारा हा एकच माणूस. कचेरीतून निवृत्त झालेला, घरी बोलायला कोणी नसलेला. त्यामुळे दुकानात आलेल्या वाद्याला आधी त्याचं व्याख्यान ऐकावं लागे, मग दुरुस्ती. जमनी राळेगावकडच्या तांड्यावरून सकाळच्या एस.टी.नं आली होती. गिटार गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेली. कंडक्टरनं वाटेत विचारलंही होतं, लेकराला ताप आहे का म्हणून. तिनं नाही म्हटलं नव्हतं.

"महोगनी हाये हे," पुंडलिकराव म्हणाले. "असलं लाकूड आपल्याकडे भेटत नाही. कुठून आणली?"

"नागपूरच्या साहेबानं विलायतेले जाताना माह्या नवऱ्याले देल्ली. तो बंगल्यावर कामाले होता."

त्यांनी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं छेडली. आवाज खालून आला, जाड आणि गोड, आणि बराच वेळ दुकानात राहिला. चार वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातून तो तिनं ऐकला नव्हता. तिला तिथंच रडू येईलसं वाटलं.

"पोट शाबूत हाये. आवाज तं पाह्य, कसा पिकला. नव्या बाजाले हा येत नाही, लाकूड वीस-पंचवीस वर्षं वाजावं लागते. पण वाजवावं कसं?" त्यांनी तार पडद्यावर दाबून दाखवली. ती दबता दबेना. "तारेच्या अन् मानेच्या मधून उंदीर जाईल. मान वाकली. तारांखालची घोडी उखडून राह्यली. अन् ही बारीक तार कायची? सायकलच्या ब्रेकची?"

"पह्यलेची तुटली होती."

"कोण्या शहाण्यानं इतक्या कसल्या? वर्षानुवर्षं कसत गेला दिसते. तुह्या नवऱ्याले एवढं कळू नाही? वाजवायचं नसलं का तारा सैल सोडाव्या. लाकडाले दम भेटते."

जमनीला गप्प बसता आलं असतं. नवऱ्यावर चार बोल गेले असते तर त्याचं काय बिघडत होतं? भिलाईला बसलेल्या त्याला थोडेच ऐकू जाणार होते. पण खोटं तिच्यानं रेटेना.

"मीनं कसल्या," ती म्हणाली. "तो भिलाईले कारखान्याच्या कामावर गेला, तवा सांगून गेलता, तारा ढिल्या पडू देऊ नको. मंग दर शनिवारी बाजेची पायथ्याची दोरी ताणायची, अन् त्याच हातानं ह्या खुंट्या. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ वाहत, बाबूजी. आमच्यात दोरी ढिली ठेवत नाही. बोजा घसरते."

"किती वर्षं झाली?"

"चार."

पुंडलिकरावांचं व्याख्यान अर्ध्यातच थांबलं. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला.

"त्यानं चार-आठ दिवसांसाठी सांगितलं असंल, बाई," ते हळू म्हणाले. "आल्यावर कसायले पाच मिनिटं लागत नाही."

पाच मिनिटं. जमनीला आपले शनिवार आठवले. तापानं फणफणत असतानाही ती उठून खुंट्या पिळत होती. तांड्यातल्या बाया हसत. रामीबाई तर तोंडावर म्हणायची, नवरा हाती लागत नाही म्हणून हे बाई बाजाचा कान पिळते. आपण ज्याला जपतोय त्याचीच मान वाकवतोय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकला असता तो एकटाच, आणि त्याचं पत्र येत नव्हतं.

"होळीच्या आत पायजे," ती म्हणाली. "तो होळीले येतो म्हणते."

"कोण म्हणते?"

"निरोप येते. दर वर्षी."

होळीला नऊ दिवस उरले होते. तांड्यावर होळीला लेंगीची गाणी म्हणणाऱ्यांच्या मधोमध बसून तो हीच गिटार वाजवायचा. डफांच्या दणक्यात ती कुणालाच ऐकू जायची नाही. जमनीला जायची. गेल्या चारही होळ्यांना तिनं ती पुसूनपासून बाजेवर ठेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी उचलून पुन्हा भिंतीवरच्या खुंटीला टांगली होती.

"नऊ दिवसांत नाही होत," पुंडलिकराव म्हणाले. "तारा आज सोडाव्या लागतील. घोडी सरसानं चिकटवायची, मान फळीले बांधून ठेवायची. महिना तरी लागते. तशीच न्यायची असंल तं ने. होळीले बाजेवर दिसंल. पावसाळ्यापर्यंत काही टिकत नाही."

जमनीनं हात पुढे केला. सवयीनं बोटं पहिल्या खुंटीवर गेली आणि तिथंच थांबली. मग तिनं खुंटी उलटी फिरवली. तार कुरकुरली आणि लोंबायला लागली. दुसरी फिरवली, तिसरी फिरवली. सहाही झाल्या. ब्रेकची तार सुटताना तेवढी हाताला लागली.

तिनं गिटार त्यांच्यापुढे सरकवली आणि रिकाम्या गोधडीची घडी घालायला घेतली.

"अन् या होळीले तो खरंच आला तं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

जमनीनं गोधडी काखेत मारली.

"आला तं बसन वाट पाहत," ती म्हणाली. "मी नाही का बसली."